छापील मर्यादा आणि खरी मर्यादा



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, काव्यशास्त्र ऐकण्याची आपणांस सवय. त्या पंक्तीत लॅपटॉपच्या रॅमचा विषय म्हणजे पुरणपोळीच्या ताटात कुणी स्क्रू वाढावा तसे वाटेल. परंतु 'याच्यात आता काही होणार नाही, नवा घ्या' हे वाक्य ज्या बापाने मुलीच्या परीक्षेच्या तोंडावर ऐकले आहे, त्याला या विषयाची निकड आम्ही सांगावयास नको. कापसाचे पैसे हाती यायचे असतात आणि लॅपटॉप तर उद्याच हवा असतो.

रॅम म्हणजे लॅपटॉपचे कामाचे मेज. कपाट कितीही मोठे असले तरी मेज अपुरे पडले की कागद सारखे उचलावे आणि ठेवावे लागतात, आणि काम खोळंबते. मेज वाढवावे म्हटले तर माहितीपत्रक सांगते : कमाल 8 जीबी. हा आकडा आला कोठून, हा आजचा प्रश्न.

उत्तर आपल्या स्टेशनावरच आहे. मर्यादा दोन जातींच्या असतात. आपली जामनेरला जाणारी 'पीजे' 2020 साली थांबेपर्यंत अडीच फुटी रुळांवर धावली. त्या रुळांवर मुंबईकडचा साडेपाच फुटी डबा चढविता येईल काय? कितीही जोर लावा, नाही. रूळच बदलावे लागतील. ही खरी मर्यादा. आता भुसावळ-मनमाड मार्गावरील मालडबा पाहा. किती टन माल भरावा याचा आकडा त्याच्या अंगावर रंगविलेला असतो. 2005 च्या सुमारास रेल्वेने काही मार्गांवर त्याहून सहा ते आठ टन अधिक माल भरू दिला. डबा तोच, आकडा बदलला. मात्र रुळांवर ताण पडतो, असे आक्षेपही तेव्हा आले, हे विसरू नये.

लॅपटॉपचेही तसेच. 32 बिटांच्या पत्त्याने 4,29,49,67,296 घरांपलीकडे पोचता येत नाही. म्हणजे 4 जीबी संपले की रूळ संपले. परंतु 2011 सालचा थिंकपॅड एक्स220 घ्या. पत्रकात कमाल 8 जीबी. त्यात बसणाऱ्या आय5-2520एम प्रोसेसरची मर्यादा मात्र, इंटेलच्याच नोंदीप्रमाणे, 16 जीबी. जागा दोन, प्रत्येकीत 8 जीबीची पट्टी घातली की 16 जीबी चालते. मग पत्रक खोटे काय? तसे नव्हे. पत्रक छापले गेले तेव्हा 8 जीबीची पट्टी दुर्मीळ आणि महाग होती. कारखानदार जे पारखतो तेच लिहितो. न पारखलेल्याची हमी तो कशी देणार? पण म्हणून त्याच यंत्रात 16 जीबीच्या दोन पट्ट्या घालाल, तर ते चालणार नाही. तिथे रूळ संपतात.

तेव्हा उत्साह आवरावा. आम्ही स्वतः एकदा नाही आवरला. दीड व्होल्टची पट्टी आणली. यंत्राला हवी होती 1.35 व्होल्टची. दिसायला दोघी सख्ख्या बहिणी. यंत्राने पडदा काळा ठेवला आणि आम्ही रात्रभर काळजी वाहिली. सुदैवाने जुनी पट्टी परत घालताच ते बोलू लागले. चूक दुकानदाराची नव्हे, न वाचता खरेदी करणाऱ्या आमची.

तेव्हापासूनचा आमचा नेम सांगतो. पत्रकाआधी प्रोसेसरची मर्यादा पाहावी. पट्टीची जात आणि व्होल्ट जुळवावे. हमी शिल्लक असेल तर तिच्या अटी वाचाव्या. न चालल्यास पट्टी परत घेण्याचे दुकानदाराकडून आधी कबूल करून घ्यावे. कामाच्या फायलींची प्रत दुसरीकडे ठेवावी, बॅटरी काढावी, आणि पट्टी बसविल्यावर 'मेमटेस्ट' रात्रभर चालवावी. कारण सदोष रॅम बंद पडेलच असे नाही, ती गुपचूपही चुकते. आणि हिशेबात चुकणारा मुनीम गैरहजर मुनिमापेक्षा वाईट. शिवाय मेज वाढले म्हणून म्हातारा प्रोसेसर तरुण होत नाही, हेही ध्यानी ठेवावे.

आता खरी चिंतेची गोष्ट. अनेक नव्या लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डलाच डाखलेली असते. तेथे छापील आणि खरी मर्यादा एकच, कारण दारच भिंतीत चिणलेले. ग्राहक व्यवहार विभागाने 2022 साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि संकेतस्थळ उघडले, हे चांगलेच झाले. पण पहिला हक्क आपण दुकानात बजावावा. रंग, वजन विचारतो तसेच विचारावे : 'पुढे रॅम वाढविता येईल ना?'

कारखानदाराचा आकडा मानावा, पण तो कोणत्या जातीचा हे विचारून मानावा. बैल म्हातारा झाला की आपण प्रथम त्याचे जू तपासतो, बाजाराची वाट मागाहून धरतो. यंत्राशीही तेवढाच न्याय करावा, इतके सांगून आम्ही आपली रजा घेतो.