बुडणारा हाका मारत नाही



परीक्षा संपल्या आणि गावोगावच्या विहिरींवर उड्या सुरू झाल्या, म्हणून आजचा विषय पाण्याचा.

आपला सर्वांत घातक गैरसमज सिनेमाने दिलेला आहे. बुडणारा हात हलवतो, 'वाचवा, वाचवा' ओरडतो आणि नायक कपड्यांनिशी उडी घेतो! प्रत्यक्षात ओरडायला श्वास लागतो. बुडणाऱ्याचं तोंड क्षणभरच पाण्यावर येतं. तेवढ्यात हवा आत घ्यायचीच मारामार, हाक कुठून मारणार? हातही तो हलवत नाही. दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत राहतो. शरीर उभं, डोकं मागे कललेलं, केस डोळ्यांवर आलेले, पण ते सारायलाही हात मोकळा नाही. न्यूयॉर्कचे जीवरक्षक फ्रँक पिया यांनी 1970च्या दशकात हे बारकाईने नोंदवलं. ही धडपड 20 ते 60 सेकंद चालते, आणि काठावरच्या मंडळींना वाटतं, पोरगं खेळतंय. शंका आली की विचारा, "बरा आहेस ना रे?" उत्तर आलं नाही, तर हालचाल करा.

हालचाल म्हणजे उडी नव्हे. बुडणारा हाताला येईल त्याला मिठी मारतो. एकाला काढायला गेलेले दोघे-तिघे जातात, या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. काठावरून कासरा फेका, साडी फेका, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेका.

'पट्टीचा पोहणारा बुडत नाही' हेही तसंच. विहिरीतला वस्ताद कोकणच्या समुद्रात ओढीत सापडतो आणि सरळ किनाऱ्याकडे हात मारत दमून जातो. आत खेचणारा तो प्रवाह सहसा अरुंद असतो. किनाऱ्याला समांतर पोहत त्यातून बाजूला व्हायचं. जमत नसेल तर तरंगत राहून मदत मागायची.

बाहेर काढलेल्याला उलटं टांगणं, गरगर फिरवणं, पोट दाबणं हे तर आता थांबवाच. माणूस जातो तो पोटातल्या पाण्याने नाही, मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने. पोट दाबलं की उलटी होते आणि ती फुप्फुसात उतरते. श्वास थांबला असेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग 30 वेळा छाती दाबून 2 श्वास, असं चालू ठेवा. एकाने 108 लावावा.

जेवून पोहलं की पेटके येऊन माणूस बुडतो, या समजुतीत फारसा दम नाही. अंग जड वाटेल एवढंच. दारू पिऊन उतरणाऱ्याला मात्र कुणी अडवत नाही, ही आपली गंमत.

राहिलं 'माझी हाडं जड, मी तरंगतच नाही'. छाती भरून श्वास घेतला की बहुतेक माणसं तरंगतात. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले. 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक त्यांनी पोहून आणलं. तेव्हा हाडांची सबब पुरे.

या सुट्टीत मुलांना पोहायला जरूर शिकवा. फक्त एक मोठा माणूस मोबाइल खिशात ठेवून नुसता पाण्याकडे बघत बसेल, एवढी सोय आधी करा.