गूळ वाफ्यात नव्हे, आधीच घडतो
(‘शेतकऱ्यांसाठी’ कार्यक्रमातील भाषण)



गुऱ्हाळाचा हंगाम आला की गावाच्या शिवारात गोड वास सुटतो. एकाच शिवारातला ऊस, एकाच विहिरीचं पाणी. तरी एकाचा रवा सौद्यात वर जातो आणि दुसऱ्याचा मागं पडतो. मग आपण म्हणतो, “गुळव्याचा हात चांगला नाही.” गुळव्याचा हात महत्त्वाचा आहेच. पण ऊस तोडल्यापासून ढेप बांधेपर्यंत पाच-सहा ठिकाणी गूळ चांगला होतो किंवा बिघडतो, आणि गुळव्याच्या हाती त्यातली शेवटची दोनच असतात. ही ठिकाणं आज एकेक करून पाहू.

ऊस
गुळासाठी को ९२००५, कोसी ६७१ यांसारख्या जाती चांगल्या. ऊस पक्व हवा. ब्रिक्स मोजायचं हातयंत्र मिळालं तर बुडख्याचा आणि शेंड्याकडचा रस तपासा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले की ऊस तोडणीला आला असं समजा. नत्राचा हप्ता उशिरा आणि भरमसाट दिला तर ऊस हिरवागार दिसतो, पण गूळ मऊ पडतो. तोडलेला ऊस बांधावर पडू देऊ नका. तोडल्यापासून रसातली साखर फुटायला लागते, आणि फुटलेल्या साखरेचा गूळ घट्ट बसत नाही. आज तोडला तो आजच गाळायचा. फार तर चोवीस तासांच्या आत. म्हणजे तोडणीची टोळी चरकाच्या वेगाने चालली पाहिजे, चरकाच्या पुढे नाही.

चरक
आता थोडा हिशेब करू. १०० किलो ऊस मोजून घ्या, गाळा आणि रस मोजा. ५५ किलो रस निघाला तर चरकात दुरुस्ती हवी. चांगला बसवलेला तीन लाटांचा चरक ६० किलो किंवा त्याहून जास्त रस देतो. पाच किलोंचा फरक छोटा वाटेल. पण टनामागे तो ५० किलो रस होतो, आणि त्याचा सुमारे १० किलो गूळ होतो. हा गूळ आपण चिपाडाबरोबर चुलीत जाळतो! ऊस आत जातो तिकडची फट थोडी जास्त आणि चिपाड बाहेर पडतं तिकडची कमी ठेवावी लागते. जाणत्या मिस्त्रीकडून हंगामाआधी ती बसवून घ्या. चिपाड मुठीत पिळलं आणि हात ओला झाला, तर फट बघायची वेळ आली.

चरकापाशी सैल धोतर, लोंबता पदर, उपरणं नको. पट्ट्याला आणि दात्यांना जाळी हवीच. रात्रपाळीत झोप येते, म्हणून ऊस घालणारा माणूस बदलत ठेवा. गेलेलं बोट कुठल्या भावानं परत येणार?

मळी
रस दुहेरी कापडातून गाळून काहिलीत घ्या. मळी काढण्यासाठी भेंडीची हिरवी झाडं ठेचून पाण्यात कुस्करा आणि तो चिकट रस कोमट उसाच्या रसात घाला. सुरुवातीला जाळ मंद ठेवा. रस उकळीला येण्याच्या बेताला मळीची जाड साय वर येते. ती झाऱ्यानं पूर्ण काढून टाका. एकदा खळखळून उकळी फुटली की मळी पुन्हा रसात मिसळते, मग कितीही झारा फिरवा. गुळाचा निम्मा रंग या घटकेला ठरतो.

चुना आदल्या दिवशी विरवून, गाळून, त्याची निवळी वापरा. ताज्या रसाचा सामू साधारण ५.२ ते ५.४ असतो, तो ६.२ ते ६.४ पर्यंत आणायचा. सामू पाहायच्या कागदाच्या पट्ट्या बाजारात मिळतात. चुना कमी पडला तर गूळ मऊ आणि आंबूस, जास्त झाला तर काळपट. चिमटीच्या अंदाजावर राहू नका.

जाळ
मळी निघाली की जाळ मोठा आणि एकसारखा हवा. रेंगाळत उकळलेल्या रसाचा गूळ तांबडा-काळा होतो. ओलं चिपाड नुसता धूर करतं. उन्हात वाळवून घातलं तर जाळ चांगला लागतो आणि चिपाड उरतं. पाक घट्ट व्हायला लागला की जाळ पुन्हा आवरता घ्या, नाहीतर तळाला करपेल. फेस वर आला तर खाण्याचं तेल थोडं शिंपडा.

काहील कधी उतरवायची? जुना गुळव्या थेंब पाण्यात टाकून गोळी पाहतो. ती रीत खरी आहे, सोडू नका. पण जोडीला तापमापक ठेवा. काकवीला १०५ ते १०६ अंश, ढेपेला ११८ अंश, गूळ पावडरीला १२० ते १२२ अंश सेल्सिअस. गुळव्या आजारी पडला तरी आदण बिघडणार नाही.

रंगाची पूड
आता अवघड गोष्ट. सौद्यात पिवळाधमक रंग बघून भाव लागतो, म्हणून शेवटी काहिलीत हायड्रॉस पावडर पडते. गूळ उजळतो खरा, पण साठवणीत तो रंग टिकत नाही, आणि गंधक मात्र गुळात राहतं. गुळात सल्फर डायऑक्साइड दहा लाख भागांत ७० भागांपेक्षा जास्त असायला कायद्याची परवानगी नाही. मुठीनं पावडर टाकणाऱ्याला आपण किती ओलांडलं हे कळत नाही. हाच गूळ आपली पोरंबाळं खातात. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते नाव पावडरीनं मिळालेलं नाही आणि पावडरीनं टिकणारही नाही.

तुम्ही म्हणाल, “बाजार तर पिवळाच मागतो!” म्हणून सगळा हंगाम एकदम पणाला लावू नका. आठवड्यातलं एक आदण बिनपावडरीचं करा. त्याचे लहान रवे वेगळे बांधा, वेगळे विका. गिऱ्हाईक परत आलं तर पुढच्या वेळी दोन आदणं करा.

शेवटचं, वही. प्रत्येक आदणाला पाच गोष्टी लिहा: ऊस किती, रस किती, सामू किती, काहील किती अंशाला उतरवली, गूळ किती निघाला आणि कसा. घरात शाळेत जाणारी मुलगी किंवा मुलगा असेल, त्याच्याकडे हे काम द्या. पंधरा दिवसांनी वही वाचा. आपलं नुकसान कुठं होतंय, ते तुमचीच वही तुम्हाला सांगेल. अडचण आलीच, तर कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रात ही वही घेऊन जा. वही हातात असली की सल्लाही नेमका मिळतो.

बरं तर, तुमच्या चुलवाणाला चांगला जाळ लागो आणि रव्याला चांगला भाव मिळो. नमस्कार.

थोडक्यात लक्षात ठेवा
• तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळा.
• १०० किलो उसाचा रस मोजून चरक तपासा.
• मळी उकळी फुटण्याआधी काढा.
• सामू ६.२ ते ६.४; ढेपेसाठी ११८ अंश.
• चरकाला जाळी, अंगावर आवळ कपडे.
• प्रत्येक आदणाची नोंद वहीत करा.