सहलीतील छायाचित्र

शनिवार-रविवारच्या सुटीत चारसहा स्नेह्यांनी मिळून एखाद्या गडावर, लेण्यांत किंवा समुद्रकाठी जाण्याची प्रथा आपल्या मध्यमवर्गीय जीवनात आता चांगलीच रुजली आहे, आणि अशा प्रत्येक मंडळीत छायाचित्रे घेण्याची कामगिरी आपण होऊन पत्करणारा एक तरी गृहस्थ असतोच. मोबाइलमध्येच कॅमेरा आल्यापासून तर हा अधिकार सर्वांनाच इनाम मिळाला आहे. तरीही अशा सहलींतून जी चित्रे घरी येतात, त्यांतील बहुसंख्य पाहिली असता ती चित्रे नसून हजेरीपट आहेत, असे म्हणावेसे वाटते. दरवाजासमोर एक ओळ, बुरुजावर एक ओळ, उपाहारगृहाच्या पाटीखाली पुन्हा तीच ओळ. सर्व मुद्रा कॅमेऱ्याकडे वळलेल्या आणि सर्व हास्ये एकाच क्षणी फर्मावलेली. कोण आले होते आणि कोण ऐन वेळी गळाले याचा तो विश्वसनीय दाखला असतो, हे मान्य. परंतु ऊन कोणत्या बाजूचे होते, चढणीने कोण दमला होता, आणि त्या दमलेल्याची थट्टा कोण करीत होता, यांतले काहीएक त्यात उमटत नाही.

याउलट सहलीचेच एक जगद्विख्यात छायाचित्र आहे, ते आपण मनश्चक्षूंसमोर आणू. आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने १९३८ च्या सुमारास घेतलेले हे चित्र मार्न नदीकाठच्या रविवारचे म्हणून प्रसिद्ध आहे. फ्रान्समधील कामगारांना १९३६ साली कायद्याने भरपगारी रजा मिळाली, आणि ज्यांच्या वाट्याला तोवर निवांतपणा क्वचितच आला होता अशी सामान्य माणसे नदीकाठी दिसू लागली, तो हा काळ. गवताळ उतारावर मंडळी बसली आहेत, ती बहुतेक पाठमोरी. जेवण उरकत आले आहे, ताटल्या इतस्ततः पडल्या आहेत, एक जण पेल्यात मद्य ओततो आहे, आणि खाली पाण्यात एक होडी स्थिर उभी आहे. कॅमेऱ्याची दखल कोणी घेतलेली नाही. स्थूल, ऐसपैस, निश्चिंत अशा त्या पाठींतून तृप्तीचा जो भाव प्रकट होतो, तो हसऱ्या चेहऱ्यांच्या रांगेतून कधीही प्रकट झाला नसता. आणखी एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. उताराची तिरपी रेषा आपली दृष्टी माणसांवरून हळूहळू पाण्याकडे नेते, आणि ती माणसे ज्या दिशेला पाहत आहेत त्याच दिशेला आपणही पाहू लागतो. म्हणजे आपण त्यांचे प्रेक्षक न राहता त्यांच्या मागच्या ओळीत जाऊन बसतो. या किमयेला चित्राची रचना म्हणतात, आणि छायाचित्राचा रसास्वाद घ्यायचा म्हणजे पुष्कळ अंशी हाच शोध घ्यायचा, की या माणसाने आपल्याला नेमके कोठे उभे केले आहे.

आता आपल्या मुलुखात येऊ. पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलने मळवलीला उतरावे, सकाळी लोहगड चढावा आणि परतताना भाजे लेणी पाहावीत, हा अनेक मंडळ्यांचा परिपाठ आहे, आणि छंदाच्या प्रारंभाला याहून उत्तम पाठशाळा मला ठाऊक नाही. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशा चार दरवाजांमधून लोहगडाची वाट वळणे घेत वर जाते. वर पोचल्यावर तटाशी उभे राहून खाली पाहिले असता सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक पायरीची कड उजळलेली आणि तिच्यालगत सावलीची एक बारीक पट्टी पडलेली दिसते, आणि सारी वळणे जणू कोरून काढल्यासारखी उठून येतात. हीच जागा भर दुपारी पाहावी, तर ऊन माथ्यावर आल्याने पायऱ्यांची उंचसखलता नाहीशी होते, काळा दगड एकजीव भासतो, आणि टोपी घातलेल्या मित्रांच्या डोळ्यांच्या जागी निव्वळ अंधार उरतो. यंत्र तेच, छायाचित्रकार तोच. फरक केवळ सूर्याच्या कोनाचा. ज्याने हा एक फरक स्वतःच्या डोळ्यांनी पारखला, त्याला महागड्या भिंगांची निकड भासेनाशी होते, असे माझे मत आहे. दुकानदारांना ते अर्थातच मान्य होणार नाही.

भाजे येथील चैत्यगृहाचे तोंड पश्चिमेकडे आहे, आणि दर्शनी भागातील मूळचे लाकूडकाम काळाच्या ओघात नष्ट झाल्यामुळे ते आज पूर्ण उघडे आहे. त्यामुळे उतरत्या दुपारी ऊन अष्टकोनी, किंचित आत झुकलेल्या खांबांवर येते आणि हळूहळू मागच्या स्तूपाकडे सरकते. वर छताला शतकानुशतके टिकून राहिलेल्या लाकडी फासळ्या आहेत. येथे एखाद्या स्नेह्याला खांबांच्या रांगेपाशी उभे करण्याचा मोह आवरावा. तो आपण होऊन हिंडत हिंडत उन्हाच्या सीमेवर येईल तोवर वाट पाहावी. मोबाइलच्या पडद्यावर उजळ भागावर बोट टेकले की यंत्र त्या प्रकाशाचे माप धरते, आणि माणूस काळ्या आकृतीसारखा उमटतो. माणसाच्या उंचीमुळे खांबांची उंची कळते, आणि खांबांच्या शांत लयीमुळे माणसाची चंचलता. चेहरा दिसत नाही म्हणून तो स्नेही रुसेल, रुसू द्यावा.

येथे एक सूचना करावीशी वाटते. छायाचित्रणाचा छंद जडलेला माणूस सहलीत सहजच हुकूमशहा होतो. भाकरीचा पहिला घास तोंडात जाण्याच्या बेतात असताना तो सर्वांना थांबवितो, एकाला डावीकडे सरकवितो, दुसऱ्याला पुन्हा हसावयास लावतो, आणि शेवटी सर्वांची इतराजी ओढवून घेतो. वास्तविक सोबत्यांचे सहजवर्तन हेच त्याचे भांडवल आहे. पाण्याची बाटली हातोहात पुढे जात असते, पायातला काटा काढताना दोन डोकी जवळ येतात, पत्त्यांच्या डावात कोणी चिडतो. हे प्रसंग न मागता मिळतात. ते टिपण्यासाठी चौकटीच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवावी, आगंतुक वस्तू आत शिरली असल्यास स्वतः दोन पावले सरकावे, आणि मग मात्र विलंब करू नये.

हे स्वातंत्र्य आपल्या पूर्वसूरींना नव्हते. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रण संस्था स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थ या विद्येत रमले, त्या काळात प्रचारात येत असलेल्या पद्धतीत काचेवर रसायनाचा लेप देऊन ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे आणि तत्काळ अंधारात नेऊन धुवावे लागे; तेव्हा बाहेरगावी जाणाऱ्याला राहुटी, रसायने आणि हमाल असा सारा सरंजाम बाळगणे प्राप्त होते. पुढे फिल्म आली, यंत्र हलके झाले, आणि मित्रमंडळींबरोबर हिंडता हिंडता चित्रे घेणे शक्य झाले. १९१३ साली नवसारीत जन्मलेल्या आणि मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला यांनी पुढे दिल्लीत स्वातंत्र्याच्या उदयकाळाची अविस्मरणीय चित्रे टिपली. परंतु वर्तमानपत्रात छापून आलेली त्यांची आरंभीची चित्रे मुंबईतल्या स्त्रियांच्या एका सहलीची होती, आणि ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने त्यांना दर चित्रामागे एक रुपया दिला होता. राजकारणी पुरुषांच्या मुद्रांमधला बेसावध क्षण ज्या दृष्टीने पुढे अचूक हेरला, ती दृष्टी सहलीतल्या अशा निवांत मैत्रिणींवरच तयार झाली असावी, असे मला वाटते.

घरी परतल्यावर सर्व चित्रे त्याच रात्री सर्वांना धाडण्याची घाई करू नये. आठवडाभर ती तशीच असू द्यावीत. थकवा आणि उत्साह दोन्ही ओसरले की चांगले कोणते आणि केवळ प्रिय कोणते, याचा निवाडा करणे सोपे जाते. मग पाचसहा निवडून त्यांच्या कागदी प्रती काढवाव्यात, मागे पेन्सिलीने स्थळ आणि तारीख लिहावी, आणि पुढल्या खेपेला मंडळी एखाद्याच्या दिवाणखान्यात जमली की त्या चहाबरोबर हातोहात फिरवाव्यात. ज्याला या कलेत यत्किंचितही गोडी नाही, अशा मित्राच्या हाती त्या प्रथम द्याव्यात. तो कोणत्या चित्रावर थबकतो ते पाहावे, आणि त्याला कारण विचारू नये.