चिनी अनुवादक शोधताना



एखादा कारखानदार म्हणतो, "आमच्या यंत्राचं माहितीपत्रक चिनीत करून हवंय. चिनी मातृभाषेचा, सुट्टं काम घेणारा माणूस सुचवा." मी आधी विचारतो, वाचणार कोण? चीनमध्ये १९५६ पासून सोपी केलेली अक्षरं आली. सिंगापूरनंही पुढे तीच घेतली. तैवान आणि हाँगकाँगमध्ये मात्र जुनी, भरगच्च अक्षरंच चालतात. संगणक अक्षरं क्षणात बदलून देतो; तरी तैपेईचा वाचक चार ओळींत ओळखतो, की हे लिहिणारा आपल्याकडचा नाही. हाँगकाँगकर घरीदारी कँटोनीज बोलतात, पण छापील मजकूर बहुतेक प्रमाण चिनीत वाचतात. तेव्हा चित्रफितीला आवाज द्यायचा असेल तरच कँटोनीज बोलणारा शोधा.

मातृभाषेचा आग्रह कशाला? १८९९ साली चिनी लेखक लिन शू यांनी फ्रेंच कादंबरीकार धाकट्या द्यूमाची कादंबरी चिनीत आणली. या गृहस्थांना एकही परकी भाषा येत नव्हती! फ्रेंच जाणणारा मित्र तोंडी अर्थ सांगे, हे अभिजात चिनीत उतरवत. पुस्तक तुफान गाजलं, ते त्यांच्या चिनीच्या जोरावर. पुढे याच रीतीनं त्यांनी दीडशेहून अधिक पुस्तकं केली, त्यांत चुकाही भरपूर राहिल्या. कादंबरीत ते खपलं. यंत्राच्या माहितीपत्रकाला लिन शू परवडायचे नाहीत. तिथे विषय कळणाराच हवा.

आडनाव चिनी आहे एवढ्यावर जाऊ नका. सिंगापूरच्या कित्येक चिनी घरांत आता इंग्रजीच बोलतात. शिक्षण कुठल्या भाषेत झालं ते विचारा. चीनमध्ये २००३ पासून अनुवादकांची सरकारी परीक्षा होते, तिचं प्रमाणपत्र पाहा. मग आपल्याच मजकुरातलं एखादं पान नमुन्यादाखल करून घ्या, पैसे देऊन. फुकट नमुना मागणाऱ्याला चांगला माणूस उत्तरही देत नाही, आणि बरोबरच आहे त्याचं. तो नमुना दुसऱ्या चिनी भाषकाला वाचायला द्या, पहिल्याचं नाव न सांगता.

चीनमध्ये दर बहुधा हजार अक्षरांमागे सांगतात. मोजणी मूळ मजकुराची की तयार अनुवादाची, हे आधीच लिहून घ्या. हजार इंग्रजी शब्दांची चिनी अक्षरं हजाराहून बरीच जास्त भरतात. आणि जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या चिनी नववर्षाच्या आठवड्यात कामाची मुदत ठेवू नका. तेव्हा सगळे आपापल्या गावी गेलेले असतात.