परसातील हौद आणि पंप

बोथजवळच्या पोचेरा धबधब्यात कोसळणारे पाणी आपोआप हवा घेत जाते. परसातील हौदात ते काम पंपाकडे येते. म्हणून पंप हौदाच्या मापाचाच असावा. २ मीटर लांब, दीड मीटर रुंद व अर्धा मीटर खोल हौदात १५०० लिटर पाणी मावते. मासे पाळले असतील, तर दोन तासांत ते सारे एकदा फिरावे. म्हणजे ताशी ७५० लिटर. मात्र खोक्यावरील मोठा आकडा बहुधा शून्य उंचीचा असतो. पाणी मीटरभर चढवायचे असल्यास त्या उंचीवर किती मिळते, हे पाहावे. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि पहाटे तो सर्वांत कमी असतो. वैशाखातल्या रात्री काटकसरीपायी पंप बंद केला, तर सकाळी मासे उलटे तरंगताना दिसतील.