तेल ओले, आणि पाऊस आला!

वळीव काही सांगून येत नाही. माडीच्या सज्जाच्या सागवानी फळ्यांना सकाळी रंग कालवलेले जवसाचे तेल लावावे आणि दुपारी सरीने झोडपावे, असे व्हायचेच. म्हणून घाईने दुसरा हात मात्र देऊ नका. हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन ते घट्ट होते. खाली ओल कोंडली, तर वरचा हात धरत नाही.

मग करावे काय? पाणी फडक्याने टिपून घ्या, चोळू नका. दोनतीन दिवस कोरडा वारा लागू द्या. डाग राहिले, तर काचकागद लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलकेच फिरवा आणि पातळ हात द्या.

आता सर्वांत महत्त्वाचे. पावसाच्या गडबडीत तेलकट फडक्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नका. घट्ट होताना तेल तापते. बोळ्यात ती ऊब कोंडते आणि काडी न लावताही फडकी पेटू शकतात! ती पाण्याच्या बादलीत बुडवा. उघडीप मिळाली की बाहेर एकेक पसरून वाळवा. शिक्षक मित्रहो, हे वर्गातही सांगा. फळी पुन्हा रंगवता येते. जळालेले घर उभे करणे सोपे नाही.