पेरणीआधी अम्मीला विचारा



ज्या वर्षी आमच्या चार एकर कोरडवाहू रानात सोयाबीन जोरात आलं, त्याच वर्षी अम्मीचं हिमोग्लोबिन सातवर आलं. पोती थेट आडतीवर गेली. घरची डाळ मात्र दुकानातून उधारीवर येत होती. पिकवणाऱ्याच्या घरातच रक्त कमी! आणि आमचं घर एकटं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (२०१९-२१) सांगते, महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे.

दादीच्या काळी याच रानात ज्वारीच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ असे, मधे मूग, कडेला अंबाडी. तुरीच्या मुळांच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र धरतात. कडबा जनावरांना, शेणखत परत रानाला. भाकरीत जे प्रथिन कमी, ते वरणातून मिळतं. पाऊस हुकला तर एक पीक जायचं, दुसरं हाती लागायचं. जमीन, ताट आणि खिसा एकाच धाग्यात होते.

सोयाबीन वाईट नाही. तेही द्विदल आहे, नत्र धरतं. चूक आहे ती सगळं रान एकाच पिकाखाली घालण्यात. भाव पडला की पैसा जातो, आणि ताटात तर आधीच काही नसतं.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलं, परसबागा उभ्या केल्या. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्यातल्या अनेकांकडे जमीन नाही, हे मला माहीत आहे. पण दाराशी शेवगा, दोन कोंबड्या, एखादी शेळी जमते.

आणि ज्यांच्याकडे शेती आहे, त्यांनी उश्र आठवावा: पावसावरच्या पिकाचा दहावा हिस्सा, पाणी देऊन घेतलेल्याचा विसावा. रानात तूर असेल तर त्या हिश्श्यातून गरिबाच्या घरी डाळ जाईल. सोयाबीनचं पोतं तो शिजवणार कसं?

म्हणून एकच मागणं आहे. काय पेरायचं हे आपल्याकडे पुरुष ठरवतात आणि काय शिजवायचं याची चिंता बाई करते. या खरिपात पेरणीआधी अम्मीला विचारा, वर्षाला डाळ किती लागते? तेवढ्या ओळी आधी घराच्या. उरलेलं रान बाजाराचं.